एक तास दहा मिनिटांचा किल्ला

परदेशात शिकायला म्हणून दोन वर्षं राहिले आणि त्या दोन वर्षांत किल्ला म्हणून एकच पाहिला. तोही एक तास दहा मिनिटांत. त्यातली वीस मिनिटं तिकिटाच्या रांगेत गेली.

हे मी रेवदंड्याला, घरच्या पडवीत बसून लिहितेय. म्हणजे पोर्तुगिजांनी बांधलेल्या एका किल्ल्याच्या पोटातच. आमच्या भागाला आगरकोट म्हणतात. किल्ला म्हटला की डोंगर, दमछाक करणाऱ्या पायऱ्या आणि वर भगवा, असं ज्यांच्या डोळ्यांसमोर येतं त्यांची इथे फार पंचाईत होते. अलिबागकडून येणारा रस्ता तट फोडून सरळ आत घुसतो. दोन्ही हातांना काळ्या दगडाची जाड भिंत येते आणि मान वळवेपर्यंत संपते. मोठी गाडी समोरून आली तर एकाला थांबावं लागतं. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, देवळं, दुकानं, क्रिकेट. आजी अजूनही "तो कोटाबाहेर गेलाय" म्हणते. त्याचा अर्थ माणूस अलिबागला गेलाय, फार तर मुंबईला. मी नेदरलंड्सला गेले तेव्हाही शेजारच्या काकूंना तिने हेच सांगितलं होतं, "कोटाबाहेर गेल्ये शिकायला."

माझा विषय किनारा. वाळू कुठून येते, कुठे जाऊन बसते, गाळ साचून बंदरं कशी बुजतात, हे मोजायचं. रेवदंडा म्हणजे जुन्या चौलचाच समुद्राकडचा भाग. चौलच्या पोरीला हा विषय का सुचला, असं मुलाखतीत विचारलं होतं. उत्तर तयारच होतं. ग्रीक-रोमन खलाशांना माहीत असलेलं, 1469 साली अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी जिथे जहाजातून उतरला ते बंदर आज कुठे आहे, हे आमच्या गावात येऊन शोधून दाखवा. खाडी गाळाने भरत गेली, तिकडे मुंबई वाढत गेली, आणि चौल हे पुस्तकातलं नाव होऊन बसलं. मी हे जरा ठसक्यात सांगितलं होतं. प्रवेश मिळाला.

दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गाला तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी लिस्बनला नेलं. नदीमुखातला गाळ हाच विषय. तीन दिवस आम्ही एका बंद खोलीत पडद्यावर नदी पाहत होतो आणि खरी नदी खिडकीच्या पलीकडे होती, पण पडदे ओढलेले होते. दुसऱ्या दिवशी जेवताना शेजारी बसलेल्या तिथल्याच मुलीने विचारलं, तू भारतात कुठली? मी नेहमीसारखं "मुंबईच्या दक्षिणेला" म्हणून सुरुवात केली, मग चौल म्हटलं. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "शाउल?" मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं की ते आमचंच नाव आहे, फक्त त्यांच्या तोंडचं. इतक्या लांब कुणीतरी माझं गाव ओळखलं याचा मला आधी आनंद झाला. ते का ओळखलं, हे डोक्यात शिरल्यावर तो आनंद घशात जरासा अडकला.

"बेलेंचा मनोरा पाहिलास का?" तिने विचारलं. नाही. "मग जा. आणि गेंडा बघ. सगळे वर चढायला धावतात, गेंडा कुणी बघत नाही."

शेवटच्या दिवशी साडेअकराला सत्र संपलं. विमान चारनंतर. हिशेब केला तर मधे एक फट होती, तीही गाडी वेळेवर आली तर. सोबतचे सगळे म्हणाले, वेडी आहेस, चल विमानतळावर जाऊन निवांत बसू. निवांत बसण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. चाकांची बॅग ओढत मी 15 नंबरच्या ट्राममध्ये चढले.

ट्राममध्ये पुढच्या थांब्याची घोषणा होत होती. ती मी फोनवर टिपून कोर्लईच्या माझ्या वर्गमित्राला पाठवली. कोर्लई आमच्या समोर, कुंडलिका खाडीच्या पलीकडे. समुद्रात घुसलेला डोंगर, त्यावर किल्ला आणि पायथ्याला गाव. त्या गावात हजाराच्या आसपास माणसं अजूनही घरात एक वेगळी भाषा बोलतात. पोर्तुगीजमधून निघालेली, मराठीत मुरलेली. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शाळेत तो आमच्याशी आमच्यासारखंच बोलायचा आणि आईचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन दुसऱ्याच भाषेत. आम्ही त्याला चिडवायचो, ते आठवून आता बरं वाटत नाही. पोर्तुगीज अंमल 1740 साली संपला. त्यानंतर तिथे त्या भाषेची कुणी शाळा काढली नाही की व्याकरण शिकवलं नाही, तरी आयांनी मुलांशी बोलणं थांबवलं नाही, एवढ्यावर ती भाषा टिकली आहे. त्याचं उत्तर मी बेलेंला उतरेपर्यंत आलं: "थोडं कळतं. पण ही बाई फार घाईत बोलते."

उतरायचं चुकलं. सगळी ट्राम एका भल्यामोठ्या पांढऱ्या मठापाशी रिकामी झाली, तशी मीही उतरले. मनोरा तिथून पंधरा मिनिटांवर. बॅग नसेल तर. लिस्बनचे पदपथ मुठीएवढ्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे, फार देखणे, आणि बॅगेच्या चाकांचे वैरी. मठाची भिंत संपायच्या आत एक चाक निघून टणटणत रस्त्यावर गेलं. मी ते उचलून खिशात टाकलं. का टाकलं कोण जाणे, पण ते अजून माझ्याकडे आहे.

त्या मठात वास्को द गामाची कबर आहे. बाहेरून पाहिला तेवढाच. मनात मात्र एक गोष्ट होती, आदल्या रात्री वाचलेली. मठाच्या बांधकामाला पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून, म्हणजे बराचसा मसाल्यांतून. लेस विणावी तसा कोरलेला तो दगड बघताना मला कळेना की वाहवा करावी की पावती मागावी. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला, म्हणून दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

मधे रेल्वेरूळ आणि मोठा रस्ता. पादचारी पूल चढून पलीकडे उतरले तर समोर नदी, आणि नदीत उभा तो मनोरा.

खरं सांगू? पहिला विचार आला, एवढाच? छायाचित्रांत तो डोंगराएवढा वाटतो. प्रत्यक्षात आमच्याकडचा सातखणी मनोरा धड असता तर याच्याशी खांदा लावून उभा राहिला असता, असं मला उगाच वाटून गेलं. सातखणीचे सात खण आता राहिले नाहीत, पण नाव कुणी कमी केलेलं नाही. गावाकडचा अभिमान असा नको तिथे डोकं वर काढतो.

बेलेंचा मनोरा 1514 साली बांधायला घेतला, पाच-सहा वर्षांत उभा राहिला. राजा मॅन्युएल पहिला, बांधणारा फ्रान्सिश्कु द अरुदा. लिस्बनच्या बंदरात शिरणाऱ्या वाटेवर पहारा ठेवायला. आज लाकडी पुलावरून चार पावलांत आत जाता येतं. बांधला तेव्हा तो काठापासून आणखी आत, पाण्याने वेढलेल्या खडकावर होता, पुढे काठच त्याच्याकडे सरकत आला. माझ्यातली गाळवाली इथे जागी झाली आणि मी रांगेत उभी राहून पाण्याची रेषा बघत बसले. ओहोटी होती. तळाच्या दगडांवर हिरवं शेवाळ हातभर उंचीपर्यंत, त्याच्यावर एक ओली करडी पट्टी, त्याच्यावर कोरडा पांढरा दगड. हुबेहूब असेच तीन पट्टे आमच्या समुद्राकडच्या तटाला पडतात. फक्त आमचा दगड काळा, आणि शेवाळाच्या पट्ट्यात कालवं असतात. ती काढायला बाया कोयती घेऊन बसलेल्या असतात.

दारातल्या बाईंनी माझ्या तीनचाकी बॅगेकडे पाहून कीव केली आणि ती एका कोपऱ्यात ठेवू दिली. घड्याळात बघितलं, पन्नास मिनिटं उरली होती.

इतक्या कमी वेळात डोळा काय करतो, याचा मी नंतर बराच विचार केला. तो नवीन काही बघत नाही. ओळखीचं शोधतो. एरवी मी फलक वाचले असते, कुठला खांब कुठल्या शैलीचा ते समजून घेतलं असतं. त्या पन्नास मिनिटांत मला फक्त घरचं दिसत गेलं.

पहिल्यांदा दोर. बुरुजाभोवती सगळीकडे दगडात कोरलेला दोर फिरवलाय. नुसती नक्षी नाही, मनगटाएवढा जाड, पीळ घातलेला दोर, एकेक पेड वेगळा दिसतो, आणि मधे त्याला गाठ मारलेली. गाठीपाशी पीळ थोडा सैलावतो तोही कोरणाऱ्याने सोडलेला नाही. ज्याने हा दगड कोरला त्याने दोर हातात धरलेला होता, ही गोष्ट मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या वाडीत विहिरीवर जुना दोर गुंडाळून ठेवलेला असतो, तो असाच दिसतो, शेवटचं टोक आत खोचलेलं. मी त्या गाठीवर हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता.

मग तळघर. पाण्याकडे झेपावलेल्या बुरुजात 17 तोफांच्या जागा आहेत, आणि त्याखाली बुटक्या छताच्या कोठड्या. आधी कोठार, पुढे कैदी ठेवायला. वाकून आत गेले तर ओल्या चुन्याचा वास. कैद्यांची ती जागा बघताना डोक्यात शब्द आला तुरुंग, आणि मग लक्षात आलं की हा शब्द यांचाच. पाव आणि बटाटा सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडा. पण आपण दाराची बिजागरी म्हणतो, गवंडी घमेलं म्हणतो, बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतात, हे सगळं यांच्याबरोबर जहाजातून उतरलेलं. माणसं 1740 मध्ये गेली आणि हे सामान मागे ठेवून गेली. आता ते परत मागायला कुणी येणार नाही, आणि आलं तरी आमच्या गवंड्याच्या हातून घमेलं कोण काढून घेणार?

बुरुजाच्या गच्चीवर नदीकडे तोंड करून मेरी उभी आहे, कडेवर बाळ. समुद्रावर गेलेल्यांनी सुखरूप परत यावं म्हणून. मी तिच्यापाशी जरा थांबले. नारळी पुनवेला आमच्या कोळीवाड्यातल्या बाया समुद्राला नारळ देताना जे मागतात तेच हे मागणं, फक्त इथे ते दगडात आहे आणि तिथे दर वर्षी नव्याने मागावं लागतं.

पण परत न आलेला एक मला आठवत होता. लोरेंसु द अल्मैदा. पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातल्या पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा. तो निघाला तेव्हा हा मनोरा नव्हता, नदी मात्र हीच होती. 1508 च्या मार्चमध्ये तो आमच्या खाडीत नांगर टाकून होता. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाजची गलबतं त्याच्यावर चालून आली. लढाई झाली, त्याच्या जहाजाला भोक पडलं, आणि निसटू बघणारं ते जहाज खाडीच्या पाण्यात मच्छीमारांनी रोवलेल्या खुंटांत जाऊन अडकलं. तिथून ते हललं नाही. तो तिथेच मेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला सूड उगवला, ते सगळ्या इतिहासांत आहे.

मला त्या खुंटांबद्दल वाचायचं होतं. ते कुणी रोवले होते? जाळी लावायला, ओहोटीचं गणित बघून, कुणीतरी कोळ्याने रोवले असणार. लढाईशी त्याचं देणंघेणं नव्हतं. सकाळी येऊन त्याने बघितलं असेल तर आधी आपल्या जाळ्याचं काय झालं तेच बघितलं असेल. दोन आरमारं आणि एका व्हाइसरॉयचा मुलगा एका बाजूला, आणि मासे धरायचा लाकडी खुंट एका बाजूला. बेलेंच्या गच्चीवर उभी राहून मी मनातल्या मनात त्या खुंटाच्या बाजूने होते. त्यात फुशारकी होती, कबूल आहे. कारण पुढे 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतलाच. 1570-71 च्या वेढ्यातही तो पडला नाही. आणि आज त्याच कोटात आमची विहीर, आमचं न्हाणीघर आणि बाबांची स्कूटर आहे.

आता वर जायचं राहिलं होतं. मनोऱ्याचा जिना गोल आणि इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंत व्हावं लागतं. म्हणून तिथे सिग्नल लावलाय, लाल आणि हिरवा. खालचे चढतात तेव्हा वरचे थांबतात, वरचे उतरतात तेव्हा खालचे. मी पोचले आणि लाल लागला.

लाल दिवा बघत मी उभी. माझ्यापुढे एक आजोबा, हातात काठी, अगदी शांत. वरून माणसं उतरत होती. एक, दोन, एक अख्खी शाळेची सहल. पोरं एकमेकांना ढकलत, जिन्याला चाटून उतरत होती, आणि मी घड्याळ बघत होते. सहा मिनिटांनी हिरवा लागला. आजोबांनी काठी टेकत पहिली पायरी चढली. मग दुसरी. त्यांच्यामागे मी. एका मजल्यापर्यंत पोचायला जो वेळ लागला त्यात मला मनात बरंच काही बोलून घेता आलं. पहिल्या मजल्यावरच्या दालनात त्यांनी बाजूला होऊन हसून मला वाट दिली. पण वरचा लाल पुन्हा लागला होता आणि माझ्याकडे चौदा मिनिटं होती.

मी वर गेले नाही. खाली उतरायच्या हिरव्याची वाट पाहिली आणि उतरले. बेलेंच्या मनोऱ्याच्या माथ्यावरून नदी कशी दिसते, हे मला आजही माहीत नाही.

बॅग घेऊन लाकडी पूल ओलांडला तेव्हा सात मिनिटं उरली होती, आणि गेंडा आठवला. पश्चिमेच्या अंगाला, भिंतीबाहेर आलेली पहारेकऱ्याची गोल चौकी असते, तिच्या बुडाला. मी मान वर करून शोधते, दिसेना. एक फुगीर दगड, त्याला डोळ्यासारखी खाच. मग एकदम दिसला. शिंग झिजून गेलेलं, जबडा वाऱ्याने खाल्लेला, पण ते जाड, हट्टी, खाली घातलेलं तोंड गेंड्याचंच. चौकी डोक्यावर घेऊन तो पाचशे वर्षं उभा आहे.

तो खरा होता. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने तो गोव्यातला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याच्या वकिलांना भेट दिला. त्यांना दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. ती मिळाली नाही, गेंडा मिळाला. नाही म्हणण्याची ही पद्धत मला फार आवडते. अल्बुकर्कने तो गोव्याहून राजाकडे पाठवून दिला. 20 मे 1515 ला तो लिस्बनला उतरला, तेव्हा या मनोऱ्याचं बांधकाम चालू होतं. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तर तो न बघता, कुणाच्या तरी वर्णनावरून आणि कच्च्या चित्रावरून लाकडात कोरला, अंगावर चिलखताच्या पत्र्यांसह. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. मग राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंडा साखळीने बांधलेला होता. पोहता येत असूनही तो मेला.

पोर्तुगीज त्याला 'गंडा' म्हणत. आपलाच शब्द. दोनच अक्षरं, फक्त एक मात्रा गळालेली.

गुजरातेतून गोव्याला गलबताने जायचं तर वाट आमच्या समोरूनच. 1514 साली इथे अजून कोट नव्हता. मी त्या झिजलेल्या तोंडाकडे बघत हिशेब केला. तू आमच्या किनाऱ्यासमोरून गेलास, मी तुझ्यासमोर आले. तू साखळीत, मी तीन चाकांची बॅग ओढत. मग टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला.

विमानात फोन उघडून पाहिला. चौदा फोटो, त्यातले नऊ हललेले. गेंड्याचा एकच, त्यात माझं बोट.

परत येऊन आता वर्ष होत आलं. इथे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. त्या काशीदला, मुरूडला, जंजिऱ्याला निघालेल्या असतात. रेवदंडा त्यांच्या वाटेत लागतं, एवढंच आमचं महत्त्व. तटाच्या खिंडारापाशी एखादी गाडी थांबते, माणसं उतरतात, भिंतीला पाठ लावून फोटो काढतात, जातात. बाबा त्यांना 'पाचमिनिटवाले' म्हणतात. मीही म्हणायचे, आणि बाबांपेक्षा जास्त नाक मुरडून. चारशे-पाचशे वर्षांच्या भिंतीला पाच मिनिटं! हल्ली माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. बाबांना वाटतं, परदेशात जाऊन पोरगी मवाळ झाली.

मागच्या शनिवारी एक गाडी थेट आमच्या बेड्यापाशी येऊन थांबली. आईवडील आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. वडिलांनी काच खाली केली. "काका, किल्ला कुठे आहे हो?"

बाबा अशा वेळी फार खूश असतात. "तुम्ही आतच आहात," ते म्हणाले.

त्या गृहस्थांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. पोफळी, आमची गाय, वाळत घातलेली चादर. "नाही, म्हणजे किल्ला," ते म्हणाले.

"तेच तर."

त्यांना राजपुरीहून जंजिऱ्याची होडी गाठायची होती. होडीवाले किल्ल्यावर पाऊण तासच देतात असं त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे त्यांची घाई आधीपासूनच सुरू झाली होती. "आम्हाला दहा मिनिटं आहेत. काय बघता येईल?"

पूर्वीची मी असते तर दहा मिनिटांत काही नाही म्हणाले असते. मी त्या पोराला म्हटलं, चल. सातखणीकडे जायला वेळ नव्हता. वाडीच्या मागच्या अंगाला तटाचा एक तुकडा आहे, अर्धा ढासळलेला, त्यामुळे भिंतीच्या आतलं पोट दिसतं. बाहेर घडीव दगड, आत चुन्यात कोंबलेले दगडगोटे. चुन्यात मधेमधे पांढरे कण असतात. मी त्याला वाकून बघायला सांगितलं. त्याने नखाने एक कण उकरायचा प्रयत्न केला.

"शिंपला आहे," तो म्हणाला.

"हो."

"भिंतीत कसा गेला?"

"चुना करायला वाळू लागते ना, ती समुद्रावरून आणलेली."

"म्हणजे हा पोर्तुगीजांचा शिंपला?"

"नाही रे, शिंपला इथलाच. भिंत त्यांची."

हे त्याला पटलं असावं. त्याने तो उकरून काढायचं सोडलं आणि त्यावर नुसतं बोट ठेवून उभा राहिला. आईची हाक आली. तो मागे बघत बघत पळाला, जाताना झाडाच्या मुळात पाय अडकून पडता पडता राहिला. त्याच्या आईने मला "थँक्यू हं" म्हटलं, बाबांनी त्यांना सहा शहाळी विकली, आणि गाडी कशीबशी वळवून निघाली.

पण पाच मिनिटांनी बघतो तर ती खिंडाराच्या तोंडाशी उभी. कोण जाणे का, मुरूडकडे जायचं सोडून अलिबागकडच्या रस्त्याला लागले होते. समोरून एसटी आलेली. एसटी कशाला मागे जातेय? मागे आणखी दोन गाड्या, रिक्षा, एक टेम्पो. ड्रायव्हरने इंजिन बंद करून बिडी काढली. गृहस्थ खिडकीतून मान काढून आमच्याकडे मदतीसाठी बघत होते आणि बाबा हातवारे करून त्यांना मागे घ्या, मागे घ्या म्हणून सांगत होते.

गाडी भिंतीला अगदी चिकटून उभी होती. मागची काच खाली गेली. पोराने हात बाहेर काढला आणि तटाच्या दगडावर तळवा टेकवला. आई आतून ओरडत होती, हात आत घे म्हणून.